मधल्याचा वाटा

शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, मैदानाच्या तोंडाशी दोन बांबूंच्या मध्ये कापडी फलक ताणला होता. लाल अक्षरं, पिवळी किनार, कोपऱ्यात कलिंगडासारखा दिसणारा फुटबॉल. रंजीतानं स्कुटी थांबवली आणि वाचलं.

'मुलींचे भव्य फुटबॉल सामने. प्रमुख पाहुणे : वरोऱ्याचे पोलीस श्री. तोमाश साहेब. सर्वांनी हजर राहावे.'

तिनं पुन्हा वाचलं. मग गाडी तशीच टाकून ती पोचू पेंटरच्या दिशेनं निघाली. पोचू मैदानावर चुन्याच्या रेषा मारत होता.

"पोचू, हे काय लिवलं तुनं?"

"काऊन जी मॅडम, अक्षर चांगलं नाई आलं का?"

"वरोऱ्याचा पोलीस कोण?"

"अध्यक्ष भाऊंनी फोनवर सांगतलन ना. म्हणे लिही, पोलीस खेळाडू, तोमाश वरोरा."

"पोलिश, पोचू. पोलंड नावाचा देश हाय, तिथला. आन् व्रोना त्याचं आडनाव हाय."

पोचूनं चुन्याचा डबा खाली ठेवला आणि थोडा वेळ विचार केला. "आता मॅडम, पोलिश म्हणजे मले बुटाचं माईत. वरोऱ्याले माहा साळभाऊ राह्यते. मंग जे माईत होतं ते लिवलं. इतक्या दूरचं मी कुठून लिवणार?"

दुसऱ्या एखाद्या दिवशी रंजीता पोट धरून हसली असती. आज तिची कानशिलं तापली. हा फलक दोन दिवसांपासून इथं लोंबत होता. शिवाय ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव ओरडून झालं होतं की मुलींना बघायला स्वतः पोलीस साहेब येणार आहेत. आणि पारडटोल्याच्या मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यात मागच्याच महिन्यात पोलीस येऊन गेले होते. तळ्याच्या हद्दीवरून शेजारच्या गावाशी काठ्या चालल्या होत्या. त्यानंतर जीप आली, दारादारात जाऊन नावं लिहून नेली, आणि मोहल्ल्यातली निम्मी माणसं अजून तारखेला नागभीडच्या कोर्टात उभी राहत होती. अशा मोहल्ल्यात जाऊन सांगायचं, की पोलीस तुमच्या पोरी बघायला येतोय.

मैदानाच्या कडेला तिच्या शाळेचा संघ बसला होता. अकरांतल्या सहाच मुली. मोहल्ल्यातल्या पाचही आल्या नव्हत्या, आणि त्या पाचांत रीता होती.

मंचावर क्रीडा मंडळाचे अध्यक्ष गुणवंतराव खुर्च्यांना कापड लावून घेत होते. शाळा त्यांच्याच संस्थेची. रंजीता तिथं करारावर खेळाची शिक्षिका होती. दरवर्षी जानेवारीत करार नवा व्हायचा आणि दरवर्षी कराराच्या बैठकीआधी गुणवंतराव तिला काही ना काही काम सांगायचे. आजचं काम दुभाषाचं होतं. पाहुणा इंग्रजी बोलणार, तिनं मराठीत सांगायचं.

"भाऊ, फलक चुकला हाय. त्याच्यानं मोहल्ल्यातल्या पोरी आल्या नाई."

"फलक कोण वाचते वं? फोटोत चांगला दिसला म्हणजे झालं." त्यांनी खुर्चीवर हात फिरवून धूळ बघितली. "सात जणी झाल्या की सामना होते म्हणते ना नियमात? एखादी पोट्टी उभी कर."

"रीता पाह्यजे भाऊ."

"रीता किती गोल मारते?"

रंजीतानं मैदानाच्या मध्याकडे बघितलं.

"करिश्मा मारते. करिश्मा हाय ना मैदानात? मंग."

करिश्मा त्यांची पुतणी. पोरगी खरंच चांगली होती. वाऱ्यासारखी पळायची, दोन्ही पायांनी मारायची. तिलाही रंजीतानंच शिकवलं होतं, तिच्यावर राग असण्याचं काही कारण नव्हतं. पण नागपूरच्या फुटबॉल प्रशिक्षण केंद्रानं कळवलं होतं की या सामन्यांतून एकच मुलगी निवासी प्रशिक्षणाला घेऊ. राहणं, खाणं, शिक्षण, सगळं तिकडे. आणि निवड तिथं शिकवणारा हा व्रोना स्वतः बघून करणार होता. रीता समोर आलीच नाही, तर त्यानं बघायचं काय? या पोरीसाठी दुसरं दार उघडणार नव्हतं. दहावी झाली की तिला धान रोवण्याच्या मजुरीला आंध्राकडे नेणार, हे घरात ठरलेलं होतं.

रंजीतानं स्कुटी उचलली आणि ती तळ्याकडे निघाली. धानाची कापणी होऊन गेली होती. मोकळ्या बांध्यांतून गाडी उडत चालली होती आणि प्रत्येक धुऱ्याच्या उंचवट्यावर ती मनात कुणाला ना कुणाला शिवी देत होती. फलकाला, भोंग्याला, पोचूच्या साळभाऊला.

तळ्यावर मोठं जाळं लागलं होतं. दोन्ही काठांवरून माणसं जाळ्याची टोकं धरून हळूहळू पुढे सरकत होती. काठावरची माणसं गुडघाभर पाण्यात, त्यांच्या पुढची कमरेएवढ्या, आणि अगदी मध्ये, जिथं जाळ्याचं पोट असतं आणि तळं सगळ्यांत खोल असतं, तिथं एकच डोकं पाण्याबाहेर दिसत होतं. रीताचं.

मध्ये चालणाऱ्याचं काम रंजीता अनेकदा बघत आली होती. त्याला मासा दिसत नाही. हातात येत नाही. त्यानं गळ्याएवढ्या पाण्यात चालायचं आणि जाळ्याची खालची दोरी पायाच्या अंगठ्यानं चिखलात दाबून धरायची, म्हणजे मासोळी खालून निसटत नाही. शिवाय मान फिरवून दोन्ही काठांवर नजर ठेवायची. डावी बाजू पुढे गेली की थांब म्हणायचं, उजवी मागे राहिली की ओढ म्हणायचं. मासे पकडतात काठावरचे. आरडाओरडा त्यांचा, फडफडता रोहू वर धरून दाखवणारे हात त्यांचे. पण ढीग पडला की वाटे करताना पहिला वाटा मध्ये चालणाऱ्याचा निघतो. त्याला मधल्याचा वाटा म्हणतात. मोहल्ल्यात कशावरूनही भांडण होऊ शकतं, त्या वाट्यावरून झालेलं कुणी ऐकलेलं नाही.

काठावर रीताची आई कुंता टोपल्या धूत होती. रंजीताला बघून तिनं पदर खोचला.

"नाई येत रीता, बाई. आधीच सांगून ठेवतो."

"कुंताबाई, तो पोलीस नाई."

"फलकावर लिवलं हाय."

"फलक चुकला."

"आन् भोंगा? तोयी चुकला का? भोंग्यात तुमच्या शाळेच्याच गुरुजीचा आवाज होता." कुंतानं टोपली आपटली. "माह्या नवऱ्याचं नाव लिवून नेलं, दिराचं नेलं. आता पोरीचं लिवून घ्याले मैदानात पाठवू? मले पागल समजता का तुमी?"

रीताचा बाप इस्तारी जाळ्याचं टोक धरून जवळ आला होता. तो तिथूनच बोलला. "मॅडम, एवढा मोठा परदेशातला माणूस, त्याले मुंबई-दिल्ली सोडून पटाच्या मैदानात काय काम? कोणाले तरी फसवून राह्यले तुमी, नाई तं तुमाले कोणी."

रंजीताच्या रागात आता भर पडली होती. या लोकांवर तो काढायचा नव्हता, आणि ज्यांच्यावर काढायचा ते मंचावर खुर्च्या पुसत होते. ती म्हणाली, "असं करा इस्तारीभाऊ, सगळे चला माह्यासंग. मैदानाच्या बाहेरून पाहा. पोलीस निंघाला तं रीताले तिथूनच वापस न्या. आन् पुढच्या तारखेले तुमच्या जागी कोर्टात मी उभी राह्यतो."

इस्तारीनं कुंताकडे बघितलं. कुंतानं तळ्याकडे.

"रीता," रंजीतानं हाक मारली, "निंघ बाहेर. सामना सुरू होऊन राह्यला."

मधून आवाज आला, "ओढ संपू द्या मॅडम. मधून सोडता येत नाई."

वेळ जात होता, रंजीताचे दात एकमेकांवर घासत होते, पण पोरीचं खरं होतं. मधल्यानं पाय उचलला असता तर सगळ्यांची सकाळ पाण्यात गेली असती. ती काठावर बसून राहिली.

सामना थोडा उशिरानं सुरू झाला, कारण पाहुण्याच्या जीपलाही उशीर झाला होता. जीपमधून उतरला तो उंच, टक्कल पडलेला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. उन्हानं लालबुंद. उजव्या गुडघ्यातून जरा लचकत चालणारा. मोहल्ल्यातली मंडळी कुंपणाबाहेर उभी होती. इस्तारीनं त्याच्या पायांकडे बघितलं, अंगावरच्या जुन्या निळ्या जर्सीकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "नाई. पोलीस असा चालत नाई." मग रीता कुंपणाखालून आत शिरली, ओल्या केसांची, पायाच्या नखांत चिखल. मागोमाग बाकीच्या चौघी.

गुणवंतरावांनी व्रोनाला मंचावरची मखमली खुर्ची दाखवली. त्यानं मान लववून नमस्कार केला आणि तो रेषेच्या बाजूला जाऊन उभाच राहिला. रंजीता त्याच्याशेजारी.

करिश्मानं पहिला गोल मारला तेव्हा भोंग्यात तिचं नाव घुमलं. गुणवंतरावांच्या माणसानं तिच्या खांद्यावर दुपट्टा टाकला आणि हातात नारळ दिला. इथली रीतच ती, गोल मारला की दुपट्टा आणि नारळ. दुसऱ्या गोललाही तेच झालं. व्रोना टाळ्या वाजवत होता, पण त्याची मान चेंडूमागे फिरत नव्हती. तो मैदानाच्या मध्यभागी बघत होता.

"ती सहा नंबरची," तो इंग्रजीत म्हणाला. "चेंडू यायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघते. हे तिला तुम्ही शिकवलंत?"

"नाही," रंजीता म्हणाली. "ते रीता घरूनच शिकून आली."

मग तिनं त्याला जाळ्याचं सांगितलं. खोल पाणी, अंगठ्याखालची दोरी, मासा न दिसणं. व्रोना ऐकत राहिला. मग त्यानं तिला त्याच्या बापाचं सांगितलं. पोलंडच्या दक्षिणेला त्याचं गाव, खाली सगळ्या कोळशाच्या खाणी. घराच्या खिडक्या पुसल्या की संध्याकाळी पुन्हा काळ्या. बल्लारपूरच्या खाणींकडे मामाच्या घरी सुट्ट्या काढलेल्या रंजीताला ते वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. बाप खाणीत कोळसा फोडायचा नाही. फोडणाऱ्यांच्या डोक्यावर छत कोसळू नये म्हणून लाकडी टेकू लावायचा. टनांचा हिशेब फोडणाऱ्यांचा. सणाला बिल्ले मिळायचे तेही त्यांनाच. बाप रोज घरी येऊन बूट काढायचा आणि म्हणायचा, आज कुणी मेलं नाही.

"मी मैदानात तेच केलं," व्रोना म्हणाला. "टेकू लावले."

करिश्माच्या तीन गोलांनी शाळेनं सामना जिंकला. तीन दुपट्टे, तीन नारळ. तिन्ही वेळा चेंडू रीताच्या पायातून निघाला होता आणि तिन्ही वेळा ती मान खाली घालून परत आपल्या जागी गेली होती. तिच्याकडे बघायला व्रोनाशिवाय कुणाला वेळ नव्हता.

मंचावर सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मोठा हार. मग व्रोना बोलायला उभा राहिला आणि रंजीता माईकपाशी त्याच्या बाजूला. समोर सतरंजीवर लोक. मागे, कुंपणाला टेकून, मोहल्ला. आत या म्हटलं तरी ती माणसं आत आली नव्हती.

"मी सोळा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळलो," व्रोना म्हणाला. "त्यात नऊ गोल केले."

रंजीतानं तसंच सांगितलं. सतरंजीवर चुळबूळ झाली. कुणीतरी म्हणालं, "नऊच? आपली करिश्मा एका महिन्यात मारते."

गुणवंतरावांनी हसत हसत माईक तिच्या हातातून घेतला. "मॅडमची जरा चूक झाली. नऊशे. नऊशे गोल मारणारा हा जागतिक कीर्तीचा खेळाडू आज आपल्या मातीत आला हाय." टाळ्यांचा कडकडाट झाला. व्रोनानं आश्चर्यानं बघितलं. नऊ गोलांना एवढ्या टाळ्या त्याच्या गावातही कधी पडल्या नसतील. तो लाजून हसला. एका माणसाचं सोळा वर्षांचं आयुष्य त्याच्यादेखत उचलून दुसऱ्याचं बसवलं होतं, आणि तो आभार मानत होता.

व्रोना पुढे सांगत गेला. पहिल्या क्लबात प्रशिक्षक म्हणाला होता, तुला बघायला कोणी तिकीट काढत नाही, पण तू नसलास की मी हरतो. त्या वाक्यावर त्यानं दहा वर्षं काढली. देशाची जर्सी आयुष्यात एकदाच घातली, सामन्याची शेवटची अकरा मिनिटं, आणि त्या अकरा मिनिटांत चेंडूला त्याचा पाय फक्त चारदा लागला. घरी आईनं विचारलं, टीव्हीवर तू दिसला का नाहीस रे? मग गुडघा गेला. पायाला प्लॅस्टर असताना क्लबानं फोनवरून कळवलं की आता येऊ नकोस. कुणी भेटायला आलं नाही. भारतातल्या एका क्लबानं दोन मोसम घेतलं, तिथंही गुडघा पुन्हा गेला, आणि आता तो मुलींना शिकवतो.

ती वाक्यावाक्यानं मराठी करत होती. गुणवंतराव मागून कुजबुजले, "हे रडगाणं कायले सांगून राह्यलीस? सांग, तीन वर्ल्ड कप खेळले म्हणून. कोणाले समजते?"

सतरंजीवरची माणसं जांभया देऊ लागली होती. मिडफिल्डर हा शब्द तिनं तीनदा वापरला होता आणि तिन्ही वेळा तो लोकांच्या डोक्यावरून गेला होता. तिची नजर कुंपणाकडे गेली. तिनं पुस्तकी मराठी सोडली.

"नऊशे नाई. नऊच," ती माईकमध्ये म्हणाली. "मी मंगाशी बरोबर सांगतलं होतं. कमी काऊन, तं हे साहेब काठावरचे नाई. हे जाळ्याच्या मधातले. सोळा वर्षं खोल पाण्यात चालले, अंगठ्याखाली दोरी दाबून. मासोळी दुसऱ्यायनं पकडली."

कुंपणापाशी माणसं सरळ झाली. कुंता टोपलीवर बसली होती, ती उठली. इस्तारीनं तिथूनच आवाज दिला, "मंग मॅडम, त्याले वाटा भेटला का मधल्याचा?"

लोक हसले. रंजीता हसली नाही. तिनं व्रोनाला वाट्याचा अर्थ सांगितला आणि प्रश्न सांगितला. त्यानं हातातल्या नारळाकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "तुमच्याकडे देतात?"

तिनं तेही जसंच्या तसं सांगितलं. आता कुणी हसलं नाही. एक म्हातारा कुंपण ओलांडून आत आला आणि सतरंजीवर बसला. मग मोहल्ला एकेक करून आत येऊन बसला. गुणवंतरावांच्या कपाळावर आठी चढली.

"आता निवड," ते माईकवर म्हणाले. "पाहुणे नाव सांगतील."

व्रोना क्षणही थांबला नाही. तो म्हणाला, करिश्मा फार चांगली खेळाडू आहे, तिला पळायला कुठंही जागा मिळेल, पुढच्या वर्षी मी तिच्यासाठी पुन्हा येईन. पण आज मी सहा नंबरची मुलगी नेणार. तो रीताचं नाव नीट उच्चारण्याचा प्रयत्न करत होता.

रंजीता माईककडे वळणार, तेवढ्यात गुणवंतरावांनी माईकवर तळहात ठेवला. चेहऱ्यावर फोटोसाठीचं हसू तसंच होतं. "करिश्मा म्हण," ते दबक्या आवाजात म्हणाले. "याले मराठी येत नाई. या लोकायले इंग्रजी येत नाई. मधात तूच हायस. नागपूरले मी फोनवर पाहून घेतो." मग जरा थांबून, "सोमवारी तुह्या कराराची बैठक हाय. ध्यानात हाय ना?"

त्यांनी तळहात काढला.

सकाळपासूनचा राग इकडून तिकडे उडत होता, फलकावर, भोंग्यावर, बांधीच्या धुऱ्यांवर. तो आता एका जागी येऊन थंड झाला. पोचूनं माहीत नव्हतं म्हणून चुकीचं लिहिलं होतं. हा माणूस माहीत असून चुकीचं सांगायला लावत होता, आणि तेही तिच्या तोंडानं. तिला समोर रीता दिसली, सतरंजीच्या कडेला, दुपट्टा नसलेली, नखातला चिखल काडीनं काढत असलेली. तिच्याशेजारी करिश्मा, तीन दुपट्ट्यांखाली घामेजलेली. दोघींनाही काही कळलेलं नव्हतं.

ती माईकमध्ये बोलली. आवाज चढवला नाही. वर्गात फळ्यावर लिहून दाखवताना बोलायची तशीच बोलली.

"साहेब म्हणतात, करिश्मा चांगली हाय, तिच्यासाठी पुढच्या वर्षी येतो. आज मी रीताले नेतो. हे साहेबायचं झालं. आता अध्यक्ष भाऊंचं. भाऊ मले म्हणाले, करिश्माचं नाव घे, साहेबाले मराठी येत नाई आन् लोकायले इंग्रजी येत नाई. सोमवारी कराराची बैठक हाय, हेयी म्हणाले. दोघायचं जसंच्या तसं सांगून राह्यली. माहं कामच मधातलं हाय."

सतरंजीवरच्या माना गुणवंतरावांकडे वळल्या. मग कुणीतरी माईकची वायर ओढली. गुणवंतराव हसत होते, पण ते हसू आता चेहऱ्यावर कुठं ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. "मॅडमची मस्करी करायची सवय हाय," ते बिनामाईकचं म्हणाले. ते मागच्या रांगांपर्यंत पोहोचलं नाही.

करिश्मा उठली. तिनं तिन्ही दुपट्टे काढून घडी केली आणि काकांच्या खुर्चीवर ठेवले. "काका, मी काई म्हटलं होतं का तुमाले?" ती म्हणाली. "मले कायले घुसवलं?" आणि ती रडत घरी गेली. ते रंजीताला सगळ्यांत जास्त लागलं. एका माणसानं एका वाक्यात दोन पोरींना दुखवलं होतं, आणि त्यातली एक त्याच्याच घरची होती.

व्रोनानं विचारलं, "काय झालं? मी काही चुकीचं बोललो?"

"नाही," रंजीता म्हणाली. "तुमचा चेंडू पोहोचवला, एवढंच."

रीता गेली. नागभीडच्या स्टेशनवर कुंतानं तिच्या पिशवीत सुक्या झिंग्यांची पुडी कोंबली आणि व्रोनानं पाठवलेल्या बाईला दहा प्रश्न विचारले, त्यातले आठ जेवणाचे होते. गाडी सुटेपर्यंत इस्तारी पोलिसांच्या चौकीकडे पाठ करून उभा राहिला.

सोमवारची बैठक झाली आणि जे व्हायचं होतं ते झालं. शाळेत नवा शिक्षक आला. मुलींचा फुटबॉल बंद झाला, मैदान पुन्हा शंकरपटापुरतं राहिलं. रंजीता घरी बसली. लोक येऊन म्हणायचे, मॅडम, तुमी लय चांगलं केलं. ते ऐकलं की तिचं डोकं आणखी तापायचं. चांगलं केलं म्हणणाऱ्यांतला एकही जण संस्थेच्या दारात जाऊन बोलला नव्हता. ती भांडी घासताना आपटायची, झाडू मारताना धूळ स्वतःच्याच अंगावर उडवायची. व्रोनाच्या पायाला प्लॅस्टर असताना तो फोन आला होता, तेव्हा त्यानं काय आपटलं असेल, असा विचार तिच्या मनात यायचा.

एका सकाळी कुंता दारात आली. हातात पळसाच्या पानांचा द्रोण, आणि त्यात अजून शेपटी हलवणारी मोठी मरळ.

"हे काय?"

"मधल्याचा वाटा."

"रीता तं नाई. मधात कोण चाललं?"

"इस्तारीच चालला. खोकलून राह्यला हाय आता." कुंतानं द्रोण ओट्यावर ठेवला. "पर हा त्याचा नाई. त्याचा त्यानं घेतला. पंचायनं सांगतलन, यंदा दोन वाटे निंघतीन मधल्याचे. एक पाण्यातल्याचा, एक मैदानातल्याचा."

रंजीताचा हात पुढे झाला नाही. "मी पाण्यात उतरली नाई, कुंताबाई."

"मंग नाकातोंडात पाणी कायचं गेलं तुमच्या?" कुंता म्हणाली आणि ओट्यावर टेकली. "आन् आयका. तळ्याचं पाणी आटून राह्यलं हाय. तिकडच्या अंगाले जमीन कडक झाली. पोट्ट्या म्हणतात, मॅडमले इचारा, तिथी बॉल खेळता येते का. पोचूनं बांबू रोवले हायेत दोन्हीकडं. फलक लिवतो म्हणे. मी म्हटलं, बापा, तू फक्त बांबूच रोव."

तेव्हा रंजीता पहिल्यांदा हसली. मग हसू लगेच गेलं. "आन् भाऊ? भाऊले कोण इचारन, कुंताबाई? त्यायचं काय झालं? काईच नाई. खुर्ची तिथीच हाय, माईक तिथीच हाय."

कुंतानं पायाच्या अंगठ्यानं ओट्याखालची माती दाबली.

"भाऊचा माणूस आल्ता तळ्यावर," ती म्हणाली. "दर साली येते. अध्यक्षाच्या घरासाठी मोठी मासोळी, पहिल्या ढिगातली. आजपरेंत देत होतो. कायले देत होतो तेयी माईत नाई. या खेपेस इस्तारीनं त्याले हातानं दाखवलन. हा मधातल्याचा वाटा, हा काठावरच्यायचा, हा जाळं शिवणाऱ्या बुढीचा. तो म्हणे, आन् भाऊचा? इस्तारी म्हणे, भाऊ पाहाले होते. पाहणाऱ्याचा वाटा नसते."

रंजीतानं द्रोण उचलला. मरळ अजून जिवंत होती, पानांवर शेपटी मारत होती. तिनं विळी काढली, धार बघितली आणि ओट्यावर बसून, दात आवळून, ती खवले काढू लागली.